पाचाचा की पंधराचा? : विजेच्या प्लगची निवड

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले, की एक संवाद हटकून कानी पडतो. गिऱ्हाईक म्हणते, "एक थ्री-पिन प्लग द्या." दुकानदार विचारतो, "पाचाचा की पंधराचा?" गिऱ्हाईक क्षणभर घुटमळते आणि उत्तर देते, "कुठलाही द्या, बसला म्हणजे झाले."

बसला म्हणजे झाले, या तीन शब्दांमुळे आपल्या घरांतील कितीतरी सॉकेटे काळी पडलेली आहेत. घर बांधताना वायरिंगच्या दर्जाची आपण चौकशी करतो, पंखा घेताना चार दुकाने फिरतो, परंतु या दोहोंना जोडणारा प्लग मात्र हाताला लागेल तो घेतो. विजेचा प्रवाह भिंतीतील तारेतून उपकरणात जाताना ज्या ठिकाणी केवळ स्पर्शाच्या आधाराने पुढे सरकतो, ते ठिकाण म्हणजे प्लग व सॉकेट. साऱ्या मार्गातील हा सर्वांत नाजूक दुवा होय.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून विजेचे शास्त्र त्याने महाविद्यालयात शिकलेले नाही. ते शिकण्याची वेळ एका प्रसंगाने आणली, आणि त्यात दोष अन्य कोणाचा नसून माझाच होता. काही वर्षांपूर्वी श्रावणात सत्तरी तालुक्यातील एका गावच्या शाळेत माहितीपटाचा कार्यक्रम ठरला होता. पाऊस कोसळत होता. पोहोचावयास उशीर झालेला, मंडळी ताटकळलेली, आणि ध्वनिवर्धकाचा प्लग वाटेत तुटलेला. मदतनिसाने प्लग कापून टाकला, वायरीची दोन टोके सोलून सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत खुपसली आणि ती निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या ठोकल्या. तिसरी, हिरवी तार त्याने मागे दुमडून टेप लावून टाकली. "ती लागत नाही," असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. गावचे सरपंच ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून बोलावयास लागले. त्यांनी मायक्रोफोन हाती घेतला आणि तो हातातून सुटेना. शाळेच्या शिपायाने प्रसंगावधान राखून बोर्डाचे बटण बंद केले म्हणून बरे झाले. सरपंचांचा हात दोन दिवस बधिर होता. त्यांनी तक्रार केली नाही, उलट आम्हांला चहा पाजला. परंतु ती दुमडलेली हिरवी तार त्यानंतर माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

तिसऱ्या पिनेचे काम

नंतर एका अनुभवी वायरमनने तो ध्वनिवर्धक उघडून पाहिला. जेथे वायर धातूच्या पेटीत शिरते तेथे घासून तिचे आवरण झिजले होते आणि आतली जिवंत तार पेटीला टेकत होती. पेटीशी मायक्रोफोन जोडलेला, मायक्रोफोन सरपंचांच्या हातात आणि सरपंचांचे पाय ओल्या जमिनीवर. विजेला जमिनीपर्यंत जाण्यासाठी मनुष्याच्या देहाचाच मार्ग उरला होता. हिरवी तार तिच्या जागी असती, तर पेटीला जिवंत तार टेकताच मोठा प्रवाह त्या तारेवाटे जमिनीत गेला असता आणि तत्क्षणी फ्यूज उडाला असता. कार्यक्रम रद्द झाला असता, एवढेच.

येथे एक शंका पुष्कळांना येते. माणसाला शॉक बसला तेव्हा फ्यूज का उडाला नाही? कारण असे, की देहातून जाणारा प्रवाह अँपियरच्या काही शतांश भागांएवढाच असतो. तेवढा प्रवाह हृदयाला घातक ठरू शकतो, परंतु ६ अँपियरच्या फ्यूजला त्याची जाणीवही होत नाही. फ्यूज किंवा एम.सी.बी. वायरीचे रक्षण करते. माणसाच्या रक्षणासाठी अर्थिंग हवे, आणि त्याच्या जोडीला गळती ओळखणारे आर.सी.सी.बी. नावाचे उपकरण हवे. घरगुती वापराचे आर.सी.सी.बी. ३० मिलिअँपियर गळतीला वीज तोडते, म्हणजे एका अँपियरच्या तेहेतिसाव्या भागाइतकी गळती त्यास पुरते.

आता थ्री-पिन प्लग हातात घेऊन नीट पाहावा. वरची पिन जाड आणि लांब असते. लांबीचे कारण असे, की प्लग खुपसताना अर्थिंगचा संबंध सर्वांत आधी जुळावा आणि काढताना तो सर्वांत शेवटी सुटावा. जाडीचे कारण असे, की ती पिन चुकूनही जिवंत तारेच्या भोकात शिरू नये. शिवाय चांगल्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवर आतून पडदा असतो. वरची लांब पिन शिरली म्हणजेच तो सरकतो, जेणेकरून लहान मुलाने खिळा किंवा हेअरपिन घातली तरी ती आत जात नाही. ज्यांना टू-पिन प्लग अशा सॉकेटात घालावयाचा असतो ते वरच्या भोकात पेन्सिल किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून पडदा उघडतात. ही युक्ती मुलांच्या समोर करणाऱ्या पालकांनी मुलेही ती शिकत असतात, हे ध्यानात घ्यावे.

सॉकेटकडे समोरून पाहिले असता वरचे भोक अर्थिंगचे, उजवीकडचे जिवंत तारेचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असावयास हवे. शाळेतील विज्ञानशिक्षकांनी ही गोष्ट फळ्यावर आकृती काढून सांगितली, तर पाठ्यपुस्तकातील परिपथाच्या धड्याला घरातील भिंतीचा आधार मिळेल. प्रत्यक्ष उघडून दाखविण्यासाठी सुटा प्लग वापरावा, भिंतीवरील सॉकेट नव्हे.

पाच, पंधरा, सहा, सोळा

दुकानदाराच्या तोंडी असलेले पाच आणि पंधरा हे आकडे ब्रिटिश अमदानीचा वारसा होत. गोल पिनांच्या प्लगचे ब्रिटिश मानक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २, ५, १५ आणि ३० अँपियरचे प्लग होते. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला १३ अँपियरचा नवा प्लग स्वीकारला आणि गोल पिनांचा प्लग तेथील घरांतून हळूहळू हद्दपार झाला. भारतात मात्र तो टिकून राहिला. भारतीय मानक १२९३ नुसार आज प्लगवर ६ आणि १६ अँपियर असे आकडे छापलेले असतात. ते पूर्वीच्या पाच आणि पंधराच्याच जागी आहेत. दुकानदार व वायरमन जुनी नावे सोडावयास तयार नाहीत, इतकेच.

लहान प्लगच्या खालच्या पिना सुमारे ५ मिलिमीटर जाड असून त्यांच्यात १९ मिलिमीटर अंतर असते. मोठ्या प्लगच्या खालच्या पिना ७ मिलिमीटर जाड आणि अंतर २५ मिलिमीटर. म्हणजे मोठा प्लग लहान सॉकेटात बसूच नये, अशी योजना मुद्दाम केलेली आहे. ती अडचण नसून सूचना आहे.

कोणत्या उपकरणाला कोणता प्लग, हे ठरविण्यास फार गणित लागत नाही. प्रत्येक उपकरणावर एक पट्टी असते आणि तिच्यावर वॉट छापलेले असतात. त्या संख्येला २३० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे अँपियर. ७५० वॉटचा मिक्सर सव्वातीन अँपियर घेतो, १००० वॉटची इस्त्री साडेचारहून किंचित कमी घेते. दोघांनाही लहान प्लग पुरेसा आहे. १५०० वॉटची पाणी तापविण्याची कांडी साडेसहा अँपियर घेते, म्हणजे लहान प्लगची मर्यादा तिने ओलांडली. २००० वॉटची इंडक्शन शेगडी किंवा तितक्याच वॉटचा गीझर पावणेनऊ अँपियर घेतो, ३००० वॉटचा गीझर तेरा. या सर्वांना मोठाच प्लग हवा, आणि नुसता प्लग मोठा असून भागत नाही. त्यामागील सॉकेट, बटण आणि भिंतीतील तारही त्याच तोलामोलाची हवी. दिव्यापंख्यांसाठी टाकलेल्या दीड चौरस मिलिमीटर तारेवर नंतर सोयीसाठी १६ अँपियरचे सॉकेट बसविणे म्हणजे पायवाटेवर ट्रक घालण्यासारखे आहे. शेगडी किंवा गीझर यांच्यासाठी फळीपासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार आणावी, असे जाणकार वायरमन सांगतात ते ऐकावे.

धुलाई यंत्राबाबत वाचकांनी थोडी सावधगिरी बाळगावी. साध्या यंत्राची मोटर थोडीच वीज घेते. परंतु पाणी तापविण्याची सोय असलेले यंत्र शेगडीच्या पंक्तीला जाऊन बसते. दोन्ही यंत्रे बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून पट्टी वाचावी.

मासळीचा वास

समजा २००० वॉटच्या शेगडीचा प्लग सॉकेटात थोडा सैल बसला आहे. सैलपणामुळे पिन आणि पितळी पट्टी यांच्यातील स्पर्श कमी होतो आणि तेथे रोध निर्माण होतो. तो रोध एका ओहमचा दहावा भाग इतकाच आहे असे धरू. निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, या नियमाने तेथे साडेसात वॉट उष्णता होईल. साडेसात वॉट ऐकावयास किरकोळ वाटतात, परंतु ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत साठतात. त्याच जागी १००० वॉटची इस्त्री लावली असती, तर प्रवाह निम्मा आणि उष्णता मात्र चौथाई झाली असती. यास्तव सैल सॉकेट इस्त्रीला वर्षानुवर्षे सहन करते आणि शेगडी आणल्यावर महिन्याभरात जळते. मग घरचे लोक शेगडीला दोष देतात.

पुढे एक दुष्टचक्र सुरू होते. तापलेल्या पितळी पट्टीतील स्प्रिंगचा जोर कमी होतो, तिच्यावर काळा थर धरतो, त्यामुळे रोध वाढतो, त्यामुळे उष्णता आणखी वाढते. हे सर्व चालू असताना प्रवाह मात्र पावणेनऊ अँपियरच असतो. म्हणून फ्यूज उडत नाही, एम.सी.बी. पडत नाही आणि जमिनीत गळती नसल्यामुळे आर.सी.सी.बी.ही गप्प राहते. घरातील तिन्ही पहारेकरी जागे असूनही चोर आत असतो. अशा वेळी माणसाचे नाक आणि हात यांवरच भिस्त ठेवावी लागते. प्लग व सॉकेट यांचे काही जातीचे प्लॅस्टिक अति तापले, की त्याला मासळीसारखा वास येतो. आता गोमंतकीय घरात मासळीच्या वासाने कोणाला संशय यावा, हा प्रश्नच आहे. तथापि सोमवारी किंवा चतुर्थीच्या दिवसांत तो वास आला, तर आधी बोर्ड पाहावा.

आपल्याकडे या गोष्टीला हवामानाची जोड आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, त्यात किनारपट्टीवरील खारा वारा. पितळेवर हिरवट थर धरतो, लोखंडी स्क्रू गंजून बसतात. बार्देश, तिसवाडी, सासष्टी, मुरगाव येथील समुद्राजवळच्या घरांत सॉकेटचे आयुष्य तुलनेने कमी धरून चालावे. उन्हाळ्यात, पावसाआधी घर शाकारताना किंवा कौले परतताना मेन स्विच बंद करून वायरमनकडून सॉकेटांचे स्क्रूही आवळून घ्यावेत.

जोडाजोडीचे धोके

मोठा प्लग लहान सॉकेटात जात नाही म्हणून बाजारात एक परिवर्तक प्लग मिळतो. त्याच्या एका बाजूला मोठी भोके आणि दुसऱ्या बाजूला लहान पिना. दिसावयास उपयुक्त अशी ही वस्तू प्रत्यक्षात मुद्दाम बांधलेली भिंत पाडण्याचे काम करते. माझ्या मते घरात असू नये अशी ही पहिली वस्तू होय. याउलट लहान आणि मोठे दोन्ही प्लग घेणारे संयुक्त सॉकेट मानकाला धरून असते आणि त्याला हरकत नाही. मात्र त्यात लहान प्लग वारंवार घातला, तर तो पुरेसा घट्ट बसतो किंवा नाही हे पाहावे. शिवाय तेथे मागचा एम.सी.बी. १६ अँपियरचा असतो आणि लहान उपकरणाची वायर बारीक असते, हेही ध्यानात असावे.

एका सॉकेटात मल्टिप्लग, त्यात दुसरा मल्टिप्लग आणि त्यावर चार उपकरणे, अशी माळ पुष्कळ कार्यालयांतही दिसते. आमच्या खोलीत ती दीर्घकाळ होती. मोबाईलचे चार चार्जर असल्यास बिघडत नाही. परंतु उन्हाळ्यात त्यात कूलर आणि पावसाळ्यात चहाची किटली भर घालते, आणि बेरीज करणारा कोणी नसतो. एक्स्टेन्शन बोर्ड घेताना त्याच्या वायरीची जाडी विचारावी. मोठ्या प्लगचे बोर्ड असेल तर वायर दीड चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. लांब वायर गुंडाळी करून ठेवून तिच्यावर जड उपकरण चालविल्यास गुंडाळीच्या पोटातली उष्णता बाहेर पडत नाही. वायर वितळते ती नेहमी मधल्या वेढ्यांत.

टू-पिन प्लग सर्वस्वी वाईट, असे मात्र समजू नये. ज्या उपकरणाला आवरणाचे दोन थर असतात आणि ज्याचा बाहेरचा भाग धातूचा नसतो, त्यास अर्थिंगची गरज नसते. त्याच्या पट्टीवर एका चौकटीच्या आत दुसरी चौकट अशी खूण असते. मोबाईलचा चार्जर, दाढीचे यंत्र, कित्येक दूरचित्रवाणी संच या वर्गात मोडतात. ती खूण नसेल आणि अंग धातूचे असेल, तर तिसरी पिन हवीच.

परदेशातून आलेली उपकरणे

आपल्या गावांतील कित्येक घरांत कोणीतरी आखातात, जहाजावर, इंग्लंडात किंवा पोर्तुगालमध्ये असते आणि सुट्टीवर येताना उपकरण घेऊन येते. दुबई, मस्कत, कुवेत किंवा लंडन येथून आलेल्या वस्तूला चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग असतो. तेथील दाब आपल्यासारखाच असल्याने वस्तू येथे चालते, अडचण केवळ प्लगची. त्या प्लगच्या पोटात लहानसा फ्यूज असतो. वायरीच्या मानाने तो ३ किंवा १३ अँपियरचा असतो. आपण प्लग कापून आपला बसविला, की तो फ्यूजही गेला. म्हणून बदललेला प्लग वॉट पाहूनच निवडावा आणि बारीक वायरीचे उपकरण १६ अँपियरच्या जागी लावू नये.

पोर्तुगालहून आलेल्या उपकरणाची गोष्ट अधिक फसवी आहे. युरोपातील बऱ्याच देशांप्रमाणे तेथील प्लगला दोन गोल पिना असतात आणि अर्थिंगची पट्टी प्लगच्या कडेला असते. त्या पिना सुमारे पावणेपाच मिलिमीटर जाड आणि त्यांच्यातील अंतर १९ मिलिमीटर, म्हणजे आपल्या लहान प्लगशी जवळजवळ मिळतेजुळते. त्यामुळे तो प्लग आपल्या पडदा नसलेल्या जुन्या सॉकेटात सहज जातो आणि उपकरण चालतेही. परंतु पिना किंचित बारीक म्हणून सैल बसतात, आणि कडेची पट्टी कशालाच टेकत नाही. इस्त्री किंवा किटली तापते, घरातले समाधानी असतात आणि तिचे धातूचे अंग अर्थिंगविना राहते. अशा उपकरणाला योग्य भारतीय प्लग बसवून हिरवी-पिवळी तार वरच्या पिनेला जोडावी. अमेरिकेहून आलेल्या वस्तूवर "१०० ते २४०" असे छापलेले नसून केवळ १२० असेल, तर प्लग बदलून भागणार नाही, ट्रान्सफॉर्मर लागेल.

उपकरणाच्या अंगात घुसणारी दुसऱ्या टोकाची पिनही तितकीच पाहण्यासारखी आहे. संगणकाची वायर आणि किटलीची वायर वरवर सारख्या दिसतात. तापणाऱ्या उपकरणासाठीची जोडणी १२० अंशांपर्यंत टिकावी अशी असते, संगणकाची ७० अंशांपर्यंत. चांगल्या किटलीच्या तोंडाशी एक उंचवटा असतो. वायरीला खाच असेल तरच ती बसते. किटलीची वायर संगणकाला चालते, संगणकाची किटलीला नाही. कानशीने घासून ती बसविणारे महाभाग आढळतात.

कुळागर, मंडप आणि जत्रा

घराबाहेर आणि पाण्याजवळ घरातील प्लग नेऊ नये. कुळागरात किंवा शेतात कायम बसविलेल्या पंपाला प्लगच असू नये. त्याची वायर स्टार्टरमधून सरळ जोडावी. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि प्रत्येक वेळी प्लगच्या पिनांना ठिणग्या सोसाव्या लागतात. पंप एका जागेवरून दुसरीकडे हलवावा लागत असेल, तर कारखान्यांतून वापरतात तो गोल, जाड, झाकणाचा प्लग घ्यावा. त्याची ओळख रंगाने होते: २३० व्होल्टसाठी निळा, तीन फेजच्या ४०० व्होल्टसाठी तांबडा. वेगळ्या दाबाचे आणि वेगळ्या अँपियरचे प्लग एकमेकांत बसतच नाहीत. पाच अश्वशक्तीचा तीन फेज पंप साडेसात अँपियरच्या आसपास प्रवाह घेतो, त्याला १६ अँपियरचा तांबडा प्लग पुरतो. घेताना त्यावरील 'आय.पी.' अक्षरांपुढचा आकडा पाहावा. ४४ असेल, तर पाण्याचे शिंतोडे सोसतो. ६७ असेल, तर थोडा वेळ पाण्यात पडला तरी निभावतो. आपल्या आषाढ-श्रावणात दुसरा बरा. किंमत घरगुती प्लगच्या कित्येक पट असते, हे खरे.

सार्वजनिक गणेशोत्सवाचे मंडप, देवस्थानांच्या जत्रा, नाटकांचे रंगमंच येथेही हेच प्लग वापरावेत, अशी सूचना ग्रामपंचायतींनी व मंडळांनी ठेकेदारास करावी. प्रत्यक्षात काय दिसते? तारा पिळून टेप गुंडाळलेली, जोड गवतात पडलेला, आणि त्यावरून लोक दर्शनाला जात असलेले. जोड करावाच लागला तर तो जमिनीपासून उंच, झाकणाच्या जोडणीने करावा आणि पुरवठा ३० मिलिअँपियरच्या आर.सी.सी.बी.मधून घ्यावा. परवानगीच्या अर्जासोबत ठेकेदाराचा परवाना पाहणाऱ्या अधिकाऱ्याने ही जोडणीही पाहिली, तर त्यास फार तर दहा मिनिटे अधिक लागतील.

अलीकडे विजेवर चालणाऱ्या स्कूटरी गावागावांत आल्या आहेत. त्यांचा चार्जर फार मोठा नसतो, परंतु तो रात्रभर, सलग काही तास चालतो. सैल सॉकेटाची परीक्षा पाहावयास तेवढे पुरते. खिडकीतून सोडलेल्या बारीक एक्स्टेन्शनवर, अंगणातील पावसात चार्जिंग करणे टाळावे. सोप्यावर किंवा वाहन ठेवण्याच्या जागी अर्थिंग असलेले १६ अँपियरचे सॉकेट एकदाच करून घ्यावे. सार्वजनिक ठिकाणच्या 'भारत ए.सी.-००१' प्रकारच्या चार्जरवर वर सांगितलेला निळा गोल प्लगच योजलेला आहे.

विकत घेताना आणि बसविताना

प्लगवर आय.एस.आय. चिन्ह, अँपियरचा आकडा आणि चिन्हाजवळ परवाना क्रमांक असावा. तो क्रमांक खरा की खोटा, हे भारतीय मानक ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाईल ॲपवर तपासता येते. पिना भरीव पितळेच्या असाव्यात. चुंबक चिकटला, तर आत लोखंड आहे असे समजावे. शाळकरी मुलालाही करता येण्याजोगी ही परीक्षा आहे.

बसविताना तपकिरी तार उजव्या अंगाच्या 'एल' खुणेच्या पिनेला, निळी 'एन' खुणेच्या पिनेला आणि हिरवी-पिवळी वरच्या पिनेला जोडावी. जुन्या वायरीत तांबडी, काळी व हिरवी असा क्रम असे. हिरवी तार आत थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी तुटेल. तारेचे केस नीट पिळून स्क्रूखाली धरावेत, एकही बाहेर राहू नये. टोकांना कथलाचा डाग देऊ नये. कथील मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांनी स्क्रू आपोआप सैल होतो. आत वायर आवळून धरणारी पट्टी असते ती बसविण्याचा कंटाळा फार जणांना येतो. ती नसेल तर ओढ थेट स्क्रूंवर येते.

एवढे करूनही महिन्यातून एकदा एक गोष्ट करावी. जड उपकरण अर्धा तास चालवावे, बटण बंद करावे, उपकरण थंड होण्याची वाट न पाहता प्लग काढावा आणि पिनांजवळ हाताची पाठ न्यावी. पिना कोमट असल्यास चालेल. चटका बसला किंवा प्लगची कड पिवळी-तपकिरी झालेली दिसली, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही एकाच वेळी बदलावीत. जुन्या सैल सॉकेटात नवा प्लग घातला, तर तोही त्याच वाटेने जातो.

सत्तरीतील त्या शाळेत गेल्या वर्षी पुन्हा जाण्याचा योग आला. शिपाई तेच होते. आमच्या नव्या ध्वनिवर्धकाची वायर त्यांनी स्वतः हातात घेतली, प्लग उलटा करून तिन्ही पिना पाहिल्या आणि मगच तो बोर्डात घातला.